मंचावरचं बारसं

बाळाच्या कानात पडण्याआधी तिचं नाव टोपी बाजारच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबाला लटकलं होतं. शरयूताई सराफ्यातून नातीसाठी चांदीचे वाळे घेऊन येत होत्या. पिशवी सांभाळत, अंगावर येणाऱ्या स्कूटरवाल्यांचा उद्धार करत त्या वळल्या, आणि समोर हा भलामोठा फ्लेक्स. वर हात जोडलेले मराठी समाजाचे पदाधिकारी, मधे फुलांचा पाळणा, पाळण्यात इंटरनेटवरून उचललेलं कुणातरी मडमेचं गोरंपान बाळ, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'मराठी महोत्सव में पहली बार, मंच पर साक्षात बारसा. चि. मधुवंती का नामकरण.'

शरयूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर मराठी महोत्सवाची जाहिरात हिंदीत. ते एक वेळ सोडा, त्याची ग्वाल्हेरात आता कुणाला लाजही वाटत नाही. पण मधुवंती हे नाव जगात चारच माणसांना ठाऊक होतं. त्यांना स्वतःला, मुलगा ध्रुवला, सून सोनिकाला, आणि इंदूरला दिलेल्या मुलीला, यशश्रीला, जिने आत्या म्हणून ते निवडलं होतं. बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते. तोवर ते घराबाहेर फुटायचं नाही. घरातसुद्धा पोरीला सगळे ठमीच म्हणत होते. आणि इथे टोप्यांचा दुकानदार गल्ल्यावरून उठून त्यांना म्हणाला, "अम्मा, मधुवंती बिटिया की बधाई हो."

त्याचा काय दोष. ज्याचा होता तो घरी बसला होता.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत त्यांना पाळण्याच्या शरयूताई म्हणत. पूर्वज दरबारात भिक्षुकीला आलेले असोत की फौजेबरोबर आलेले, बारसं म्हटलं की निरोप त्यांना. हा वसा त्यांना सासूबाईंकडून आला होता. पाळणा लांबलचक होता, आणि त्यात एक गंमत होती. शेवटचं कडवं प्रत्येक बाळासाठी नवं रचायचं. ते एकदाच म्हणायचं, त्या बाळापुढे, आणि मग कुणी पुन्हा तोंडातून काढायचं नाही. कुठे लिहूनही ठेवायचं नाही. ज्याचं कडवं त्याच्या अंगी लागलं, संपलं. लष्करात आज केस पांढरे झालेली माणसं होती ज्यांचं कडवं शरयूताईंनी म्हटलं होतं, आणि त्यांच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हतं. त्यातच त्याची शान होती असं त्यांना वाटे.

पण गेली दोन वर्षं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाळं होत नव्हती असं नाही. बारसं हॉटेलात होऊ लागलं होतं, गुलाबी फुग्यांच्या कमानीखाली, आणि तिथे पाळणा म्हणणाऱ्या बाईपेक्षा डीजे बरा पडतो. दोन वर्षं कुणाचं कडवं जोडलं नाही म्हणून त्यांच्या जिभेला गंज चढला होता. मग ठमी झाली. तेव्हापासून पोळ्या लाटताना, भाजी चिरताना त्या पुटपुटत, ओळी जोडत, मोडत. गेल्याच आठवड्यात कडवं मनासारखं बसलं होतं. हे कडवं या पोरीपुढे, पूर्ण पाळण्याच्या शेवटी, ध्रुवपद धरणाऱ्या बायकांच्या मेळ्यात म्हणायचं. याखेरीज त्यांना या वर्षी देवाकडे काहीच मागायचं नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यांनी ध्रुवला फैलावर घेतलं. तो लॅपटॉप मिटून सरळ बसला. मग म्हणाला की समाजाचे अध्यक्ष गुरुप्रसाद काका यांचा स्वतःचा फोन आला होता. गेल्या वर्षी मंचावर बाहुली ठेवून बारसं दाखवलं, लोक हसले. या वर्षी खरंखुरं बाळ हवं होतं, आणि समाजात सध्या बाळ म्हणजे आपलंच. नाव त्यांनी निमंत्रणासाठी विचारलं, यानं सांगून टाकलं. फ्लेक्सवर येईल हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आई, तू इतकी नाराज का होऊन राहिली आहेस? समाजाचं काम आहे. आणि पाळणा तर तुझाच आहे ना. पूरा हॉल ऐकेल."

हे शेवटचं वाक्य त्यांना नेमकं लागलं. राग तसाच होता, पण त्याच्या खाली कुठेतरी एक मोह हलला. भरलेला हॉल. समोर शंभर बायका. त्यातल्या पाच जणींना जरी वाटलं, आपल्याही घरी हे व्हावं, तरी पुष्कळ झालं. असा मोह झाला म्हणून त्यांना स्वतःचाही राग आला, आणि तो काढायला त्या आतल्या खोलीच्या दारात गेल्या. सोनिका ठमीला दूध पाजत होती.

"तुम्हें पता था?" त्यांनी विचारलं. सोनिका शहराच्या पलीकडच्या मुरार भागातली, माहेरी सगळं हिंदी. तिच्याशी शरयूताई पहिल्या दिवसापासून हिंदीतच बोलत. परक्या घरून आलेल्या पोरीला उगाच त्रास कशाला, असं त्यांचं म्हणणं.

"मुझसे किसी ने पूछा नहीं, मम्मीजी," सोनिका म्हणाली, आणि तिनं पदर सारखा केला.

दुसऱ्या दिवशी शरयूताई नया बाजारात गुरुप्रसादांच्या घरी जाऊन धडकल्या. गुरुप्रसाद बँकेतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, गोड बोलणारे, कपाळावर आठी म्हणून नाही. भाषणाला उभे राहिले की अशी मराठी बोलत की ऐकणाऱ्याला घाम फुटावा, आणि घरी नातवंडांशी इंग्रजीत लाड करत. त्यांनी चहा मागवला, फ्लेक्सबद्दल मनापासून खेद व्यक्त केला आणि लगेच आपल्या कामाचं बोलू लागले. पाळण्याला तीन मिनिटं मिळतील. नाव मुंबईहून येणारे प्रमुख पाहुणे माइकवर जाहीर करतील. मागे पडद्यावर शब्द दाखवायचे आहेत, तेव्हा ते शेवटचं नवं कडवं आधी लिहून पाठवा, सोबत हिंदी अर्थ पण द्या, कारण आजकालच्या मुलांना कळत नाही.

शरयूताईंनी चहाला हात लावला नाही. त्यांनी सांगितलं की पाळणा होईल तर पूर्ण होईल. नाव आधी आत्या कानात सांगेल, मग पाहुण्यांना काय ओरडायचं ते ओरडू दे. कडवं लिहून मिळणार नाही. आणि पोरीच्या डोळ्यांवर दिवे येता कामा नयेत.

"होऊन जाईल, ताई," गुरुप्रसाद म्हणाले. प्रत्येक अटीला तेच म्हणाले. होऊन जाईल. समाजाचं वाचनालय याच दोन शब्दांवर बंद पडलं होतं आणि नाट्यमंडळही, हे शरयूताईंना माहीत नव्हतं असं नाही. तरी त्या उठल्या आणि हो म्हणून आल्या. मोह वाईट.

महोत्सवाच्या दिवशी सकाळपासून हॉल गजबजला होता. नऊवारी नेसलेल्या मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या आणि 'यार, ये पिन चुभ रही है' म्हणत होत्या. सूत्रसंचालन करणारा पोरगा दर वाक्याला ज़ोरदार तालियाँ मागत होता. पाहुणे मुंबईहून विमानानं दिल्लीला उतरून तिथून मोटारीनं निघाले होते आणि चंबळच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकले होते. मंचामागे समाजाची अडगळीची खोली होती. गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे खांब, मोडक्या खुर्च्या, आणि त्यांच्यामधे सतरंजीवर सोनिका, यशश्री आणि ठमी. ठमी उकाड्यानं आणि गोंगाटानं रडून रडून लाल झाली होती. आता बोलावतील, मग बोलावतील, असं करत दुपार झाली.

शरयूताईंनी घरून वरवंटा आणला होता. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा निजवतात, अंगडं-टोपडं घालून, काजळ लावून. रिकामा पाळणा हलवायचा नाही, एवढी साधी गोष्ट. कुणाच्या आजीला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. शरयूताईंनी सकाळीच मंचावर जाऊन तो आपल्या हातानं पाळण्यात ठेवला होता आणि तिथल्या मुलीला बजावलं होतं, याला हलवू नकोस.

त्या विंगेत आल्या तेव्हा मंचावर दिवे लागले होते. स्पीकरवर कुणातरी गायिकेचं पाळण्याचं रेकॉर्डिंग लागलं होतं, मागे बासरी आणि पावसाचे आवाज. वर्तमानपत्रांचे फोटोवाले निघायची घाई करत होते म्हणून गुरुप्रसादांनी बारसं तेवढ्यापुरतं उरकायला घेतलं होतं. नऊवारीतल्या चार बायका कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या आणि पाळण्याची दोरी ओढत होत्या. पाळणा जोरजोरात झुलत होता आणि त्यात काही नव्हतं. बाळ नव्हतं आणि वरवंटाही नव्हता. मागच्या पडद्यावर मात्र ठळक अक्षरांत नाव होतं, मधुवंती.

शरयूताई सरळ मंचावर गेल्या आणि त्यांनी पाळण्याचा कठडा धरून तो थांबवला. बायका दोरी धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी सकाळच्या मुलीला वरवंटा कुठे आहे म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आंटी, वो पत्थर? कैमरे में अच्छा नहीं लग रहा था." तो मेजाखाली पाण्याच्या बाटल्यांत पडला होता, टोपडं सुटलेला. शरयूताईंनी वाकून तो काढला, पदरानं पुसला, पुन्हा टोपडं बांधलं आणि पाळण्यात ठेवला. गुरुप्रसाद धावत आले.

"माझ्या नातीच्या नावानं तुम्ही रिकामा पाळणा हलवलात," शरयूताई म्हणाल्या.

"ताई, वो तो बस प्रतीकात्मक है, फोटो के लिए. बुरा मत मानिए."

"मराठीत सांगा, गुरुप्रसादजी. तुमचा महोत्सव आहे."

गुरुप्रसादांच्या कॉलरला माइक लावलेला होता, तो चालू होता. सगळ्या हॉलनं हे ऐकलं. मागच्या रांगांतून हशा उठला, आणि त्याच्यापाठोपाठ टाळ्या. लोकांना वाटलं, नाटुकलं चाललं आहे. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. सूत्रसंचालक पोरगा हुशार, त्यानं लगेच माइक उचलून सांगितलं, "तो ये थी हमारी शरयू आंटी, एक बार फिर ज़ोरदार तालियाँ." टाळ्या वाढल्या.

शरयूताईंना आयुष्यात लोकांनी भांडकुदळ म्हटलं होतं, फटकळ म्हटलं होतं, पण त्यांचा राग कुणी करमणूक म्हणून पाहिला नव्हता. त्या टाळ्यांत त्या मंचावरून उतरल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. आता पोरीला उचलायचं आणि घरी जायचं. घरच्या घरी, चार भिंतींत, दार लावून पूर्ण पाळणा म्हणायचा. कुणी ऐकलं नाही तर नाही. पण शेवटचं कडवं म्हणायचं आणि पोरीला तिचं जे आहे ते द्यायचं. एवढं ठरवून त्यांनी खोलीचं दार ढकललं आणि त्या तिथेच थबकल्या.

आत पाळणा चालला होता, अजून दुसऱ्याच कडव्यावर. त्यांचाच, सासूबाईंच्या चालीतला. सोनिका सतरंजीवर पाय पसरून बसली होती, पायांवर ठमीला घेऊन डुलवत होती आणि म्हणत होती. यशश्री शेजारी बसून ध्रुवपद धरत होती. सोनिकाचा ळ कच्चा होता. बाळाचा ती बाला करत होती. पण ती चाचरत नव्हती, थांबत नव्हती. खालमानेनं, पोरीवरची नजर न काढता ती एकेक कडवं ओलांडत चालली होती, आणि शरयूताईंच्या लक्षात आलं की ती शेवटाशी आली आहे. तिला थांबवावं म्हणून त्या पुढे झाल्या, तोवर ती शेवटच्या कडव्यात शिरली होती.

मुरार आजोळ, लष्कर घर,
किल्ल्याची सावली दोहोंच्यावर,
आत्यानं आणली नावाची सर,
जो बाळा जो जो.

ठमी निजली होती. यशश्रीनं वर पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

झालं. कडवं होऊन गेलं. गेल्या महिन्याभराची पुटपुट, ते एकदाच म्हणायचं होतं आणि ते म्हटलं गेलं होतं, मोडक्या खुर्च्यांमधे, कच्च्या ळानं, आणि त्यांनी म्हटलं नव्हतं. मंचावरून खाली आणलेला सगळा राग शरयूताईंनी सुनेवर काढला.

"वो मुझे गाना था," त्या म्हणाल्या. "उसे एक ही बार गाते हैं. पता है तुम्हें?"

सोनिकानं मान वर केली. शरयूताईंनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. आजवर या घरात रागावण्याचा मक्ता एकट्या त्यांच्याकडे होता.

"माहीत आहे," सोनिका म्हणाली, मराठीत. "महिनाभर मी किचनमधे ऐकून राहिली आहे. तुम्ही भाजी कापता, मी दूध गरम करते, तुम्हाला वाटतं मला काही समजत नाही. लग्नानंतर मी म्हटलं होतं, मम्मीजी, मला पाळणा शिकवा. तुम्ही हसल्या. 'अरे, तुमसे नहीं होगा.' मग मी दुसऱ्यांदा नाही विचारलं."

शरयूताईंना आठवलं. त्या हसल्या होत्या, हे खरं होतं. प्रेमानंच हसल्या होत्या, पण हसल्या होत्या.

"तुम्ही साऱ्या समाजाशी भांडता, मराठी गेली, मराठी गेली. माझ्याशी एक दिवस मराठी नाही बोलल्या. ही सकाळपासून रडून राहिली आहे, आणि बाहेर सगळ्यांचं चाललंय, पाळणा कोणाचा, नाव कोण सांगणार." तिचा आवाज चढला नव्हता, पण हाताची मूठ वळली होती. "घरी हिच्याशी दिवसभर कोण बोलणार आहे? गुरुप्रसाद काका?"

शरयूताईंनी यशश्रीकडे पाहिलं. लेक तरी आपल्या बाजूनं बोलेल असं वाटलं. यशश्री म्हणाली, "नाव सांगायचं राहिलं आहे, आई. मी केव्हाची म्हणते आहे, सांगून टाकते. वहिनी म्हणाली, आई येऊ देत."

म्हणजे हिनं तेवढं राखलं होतं. आत्याचा मान राखला होता आणि त्यांची वाट पाहिली होती, एवढी रागावलेली असून. शरयूताईंना वाटलं, हिनं ते राखलं नसतं तर बरं झालं असतं, निदान धरून भांडता आलं असतं. त्यांनी मान हलवली. यशश्री वाकली, झोपलेल्या पोरीच्या कानाशी ओठ नेले आणि कुर्रर्र केलं. पोरीनं नाक मुरडलं आणि पुन्हा झोपली. टोपी बाजाराला कधीचं माहीत असलेलं नाव अखेर तिला कळलं.

तेवढ्यात ध्रुव दारात आला. पाहुणे पोचले होते, गुरुप्रसाद घामाघूम झाले होते, पाच मिनिटांत बाळाला घेऊन मंचावर या म्हणत होते. बाहेर माइकवर शरयू आंटींच्या नावाचा पुकारा चालला होता.

"पाळण्यात वरवंटा ठेवला आहे," शरयूताई म्हणाल्या. "पाहुण्यांना म्हणावं, त्याचं नाव ठेवा. तो रडत नाही, दिव्यांना घाबरत नाही, आणि तीन मिनिटांत होऊन जाईल."

"आई, असं कसं सांगू? सगळे बसले आहेत."

"तू फ्लेक्सवाल्यांना नाव सांगितलंस तेव्हा तुला बरं जमलं. आता हेही सांग. जा."

ध्रुवनं बायकोकडे पाहिलं. सोनिकानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो गेला. शरयूताईंनी दार लावून घेतलं, एक मोडकी खुर्ची त्याला टेकवून ठेवली, आणि गुडघ्यांवर हात ठेवत सुनेसमोर सतरंजीवर बसल्या. त्यांचा राग उतरला नव्हता. गुरुप्रसादांवरचा होता, ध्रुववरचा होता, टाळ्या वाजवणाऱ्यांवरचा होता, आणि त्या सगळ्यांहून मोठा एक राग होता तो कुणावर काढावा हे त्यांना चांगलं कळत होतं. पाळणा नको म्हणणाऱ्यांच्या दारांकडे त्या दोन वर्षं डोळे लावून बसल्या होत्या. जिला हवा होता ती रोज त्यांच्या हाताशी पोळीचं पीठ मळून देत होती.

"दुसऱ्या कडव्यात चुकलीस," त्या म्हणाल्या. सुनेशी त्या मराठीत बोलत होत्या आणि जीभ अडखळत होती, जणू परक्या माणसाशी बोलावं तशी. "ओळी उलट्यापालट्या केल्यास."

"कुठे?" सोनिकानं विचारलं. तिच्याही आवाजातला राग गेला नव्हता.

"तिसरी ओळ आधी येते. मग दुसरी. आणि जो लांबवायचा, असा तोडायचा नाही. हे बघ, असं." आणि शरयूताईंनी सवयीप्रमाणे खणखणीत सूर लावला.

"हळू," सोनिका म्हणाली. "ती झोपली आहे."

शरयूताईंनी सूर खाली आणला आणि दुसरं कडवं पहिल्या ओळीपासून सांगायला घेतलं.